माशाचं डोकं

देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे. दिव्यासमोर खोटं लिहायची माझी हिंमत नाही, एवढं समजून वाचा.

असल्या भुताखेतांच्या गोष्टींचं हे पान माझी सून करिष्मा रोज वाचते. तीच म्हणाली, "आई, मनात ठेवून झुरू नका. लिहून टाका."

तर लिहिते.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मागच्या दिवाळीनंतरचा रविवार होता आणि भर दुपार होती. जागा पुनावळ्याची, हायवेजवळची. काचेच्या उंच इमारतीतलं नवं हॉटेल. तिथे स्कॉटलंडच्या पद्धतीचे मासे मिळतात.

पण आधी जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, नाव जाईबाई. आम्ही दोघी मालवणकडच्या. दोघींचे नवरे एकाच कंपनीत, म्हणून चिंचवड स्टेशनजवळ एका खोलीत दोन संसार. भावजी लवकर गेले. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. मी पॅकिंगच्या कामाला जायचे आणि माझा निरंजन त्यांच्या मांडीवर वाढला. तो त्यांना मोठीआई म्हणायचा.

त्यांचा डावा पाय अधू होता. चालताना चप्पल फरफटायची. फर्र... फर्र... जिन्यात आवाज आला की निरंजन दाराकडे धावायचा.

रविवारी मासे व्हायचे. माशाचं डोकं जाऊबाईंचं. त्यात वाटणी नाही.

"डोक्यातच मासो आसता गो," त्या म्हणायच्या. "बाकीचा नुसता पोट भरूक."

डोकं त्या अशा खायच्या की बघत राहावं. एकेक हाड चोखून लख्ख. मग लहानापासून मोठ्यापर्यंत ती सगळी हाडं ताटाच्या कडेने ओळीने लावायच्या. डोळ्यांतल्या पांढऱ्या गोळ्या मात्र मधोमध ठेवायच्या. "हे माझ्या निरूचे मोती."

पण कधीकधी खाता खाता हात थांबायचा.

"रुकमी, माका कोण आसा गो? मेल्यार माका कोण इचारतलो?"

मी प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचे. "असं काय बोलता? या घरच्या ना तुम्ही? डोकं कोणाला वाढते मी?"

मग त्या हसायच्या. पुन्हा जेवायला लागायच्या.

पुढे माझे यजमानही गेले, आम्ही जाऊबाईंसह रहाटणीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तरी त्यांनी तिथे कधी बेल वाजवली नाही. किल्ली कमरेला असायची. "बेल पावण्यांनी मारूची," म्हणायच्या आणि सरळ आत यायच्या.

त्या गेल्या तेव्हा दहाव्याला पवनेच्या घाटावर कावळा शिवेना. झाडावर ढीगभर कावळे, पण एकही खाली येईना. निरंजन हात जोडून म्हणाला, "मोठीआई, दरवर्षी तुझं सगळं करीन." नाही. सोयरे काय काय बोलले. नाही.

शेवटी मी पुढे झाले. म्हटलं, "जाऊबाई, डोकं तुमचंच. माझ्या ताटात मासा आहे तोवर, कुठेही असले तरी."

शब्द तोंडातून निघायचा अवकाश... कावळा उतरला.

तेव्हापासून दर रविवारी शिजलेलं डोकं मी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायचे. कावळा यायचा. मी आतून म्हणायचे, "जेवा सावकाश."

आता त्या दुपारचं.

निरंजनला चाकणच्या कंपनीत मोठी बढती मिळाली होती. करिष्माने मला न सांगता टेबल राखून ठेवलं.

"आई, तुम्ही समुद्राकाठच्या. आज साहेबांच्या देशातला मासा खाऊन बघा."

"त्यांना कोकम ठाऊक आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग कसला मासा!"

दोघं हसली. मीही हसले. घरातून निघताना आम्ही खरंच खूप आनंदात होतो.

आत सगळं काळसर लाकूड. पितळी दिवे. भिंतीवर होड्यांचे जुने फोटो. खुर्च्यांना लाल-हिरव्या चौकड्यांचं लोकरी कापड. कुठूनतरी त्यांच्या पिशवीच्या वाद्याचे सूर, आपल्या सनईच्या लांबच्या नात्यातले. बर्फाच्या परातीत शिंपल्यातली कच्ची कालवं मांडलेली. ती बघून मला आमचा खडक आठवला. ओहोटीला आम्ही दोघी कालवं फोडायला जायचो. इथे तीच कालवं लिंबाची फोड लावून थाटात बसली होती.

दारात ज्योतीराम नावाचा वाढपी उभा होता. पन्नाशीचा, भरघोस मिशा, अंगात चौकड्यांचं जाकीट. तो वाकून म्हणाला, "चौघं ना?"

"तिघं," करिष्मा म्हणाली.

त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. जरा गोंधळला. मग आम्हाला आत घेऊन गेला.

टेबल चौघांचं होतं.

धुरी दिलेल्या माशाचं दाट पांढरं सूप आलं. लोणी आणि धूर यांचा वास. मी चमचा उचलला...

आणि तिरफळांचा वास आला.

जाऊबाईंच्या बांगड्याच्या कालवणाचा वास. ओल्या तिरफळांचा. तो दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही.

"करिष्मा, तुला वास येतोय?"

"लोण्याचा ना? मस्त आहे."

मी सूप ढवळत राहिले.

वाजणारं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी क्षणभर शांतता झाली. आणि त्या शांततेत, लाकडी फरशीवर...

फर्र...

फर्र...

मी वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. निरंजननेही मान वर केली होती. आमची नजरानजर झाली. त्याने पाण्याचा घोट घेतला.

मग मासा आला. हातभर लांब ट्राउट, चांदीसारख्या ताटात, डोक्या-शेपटीसकट अख्खा. ज्योतीरामने तो आम्हाला दाखवला आणि माझ्या पाठीमागे चाकांच्या गाडीवर ठेवला. काटे काढून फक्त मांस वाढायची तिथली रीत.

सुरी उचलून त्याने विचारलं, "मावशी, डोकं काढून टाकू ना? इथं कुणी खात नाही ते."

निरंजन पटकन म्हणाला, "आई... मोठीआईचं..."

शेजारच्या टेबलावर सुटाबुटातली माणसं बसली होती. काट्या-चमच्याने, आवाज न करता जेवत होती. त्यातल्या एका बाईने आमच्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. त्यावर मी माशाचं डोकं कागदात बांधून मागणार? कावळ्यासाठी?

मला लाज वाटली.

"इथे नको रे," मी निरंजनला दबक्या आवाजात म्हटलं. आणि ज्योतीरामला म्हणाले, "टाका."

त्याने डोकं कापून वेगळ्या ताटलीत ठेवलं आणि वर पितळी झाकण घातलं. मग चौथ्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "आणि मावशी, त्या आजींना आत्ताच वाढू, का थांबू?"

"कोणत्या आजी?"

"नाही म्हणजे... तुमच्याबरोबरच्या..."

चौथी खुर्ची थोडी मागे सरकलेली होती. माणूस बसताना सरकवतो तेवढी.

मी त्या खुर्चीकडे पाहिलं. आणि घाबरून, त्या लोकांसमोर शोभा होऊ नये म्हणून, मी जरा मोठ्यानेच बोलले.

"आम्ही तिघंच आहोत. आमचं आणखी कोणी नाही."

तिरफळांचा वास गेला.

एकदम. दिवा फुंकावा तसा.

मासा ताटात आला. मऊ, लोण्यात न्हालेला. तोंडात घातला तर चव नाही. मीठ नाही. काहीच नाही. करिष्मा म्हणत होती, किती छान आहे ना? मी मान हलवत होते.

जेवण झाल्यावर ज्योतीराम उष्टं आवरायला आला. आमच्या ताटांतलं टाकण्यासाठी त्याने मागचं पितळी झाकण उचललं.

आणि तसाच उभा राहिला.

"मावशी... आईशप्पथ, मी हात नाही लावला. आत्ता तुमच्यासमोर झाकलं होतं."

मी वळले.

ताटलीत डोकं नव्हतं.

हाडं होती. चोखून लख्ख केलेली. लहानापासून मोठ्यापर्यंत, ताटलीच्या कडेने ओळीत लावलेली.

आणि मधोमध... दोन पांढरे मोती.

निरंजनच्या हातातला रुमाल खाली पडला. त्याचे ओठ हलले. लहानपणी मोठीआईला हाक मारायचा तसे हलले.

करिष्माला काहीच कळत नव्हतं. ती माझा हात धरून विचारत होती, "आई, काय झालं? आई?"

काय सांगू तिला? ती चाकांची गाडी माझ्या पाठीमागे होती. तिथे खुर्ची नव्हती. अधू पायाची ती बाई माझ्या मागे उभी राहिली, आणि टाकून द्यायच्या ताटलीतून उभ्या उभ्या जेवून गेली.

मी जाऊबाईंना बसा म्हटलं नाही.

परतताना रहाटणीचा सिग्नल लागला तेव्हा निरंजन समोर बघत म्हणाला, "तू तसं म्हणायला नको होतंस." एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी मी मोठी सुरमई आणली. तिरफळं घातली. सगळ्यांत आधी डोकं ग्रिलमध्ये ठेवलं. कावळा आला नाही. संध्याकाळपर्यंत डोकं तसंच राहिलं. माशीसुद्धा बसली नाही.

आजतागायत कावळा आलेला नाही.

मी स्वयंपाकघरात पाट मांडते. ताट वाढते. माफी मागते. "जाऊबाई, चुकले. घाबरले होते हो. लोकांची लाज वाटली." भिंतीशी बोलावं तसं होतं. निरंजन मासे खायचा बंद झाला आहे. विचारलं तर म्हणतो, भूक नाही.

हे एवढंच असतं तर मी सहन केलं असतं.

पण रविवारी, मासा शिजत आला की बाहेर जिन्यात आवाज येतो.

फर्र... फर्र...

दारापर्यंत येतो. थांबतो.

आणि मग बेल वाजते.

मी धावत जाते. दार उघडते. समोर मोकळा जिना. "या ना, तुमचंच घर आहे," म्हणते. कोणी आत येत नाही. बेल बिघडली असेल म्हणून करिष्माने नवी बसवली. तिचा आवाज वेगळा आहे, गोड आहे. तीही वाजते.

ज्या बाईने या घराची बेल आयुष्यात कधी वाजवली नाही...

काल रविवार होता. काल मी बेल वाजायची वाट बघितली नाही. गॅसवर कालवण चढवायच्या आधीच दार उघडून ठेवलं. सताड. उंबऱ्यावर रांगोळी काढली. दाराला दगड लावला, वाऱ्याने मिटू नये म्हणून.

आणि समोर बसून राहिले.

आवाज आला. फर्र... फर्र... उघड्या दारापाशी थांबला.

समोर कोणी नव्हतं.

तरी बेल वाजली.