अडुसष्ट आवाज

आष्ट्याच्या स्टँडवर भाग्यश्री मगदूम सातारा गाडीत चढली तेव्हा एकच जागा रिकामी होती. खिडकीशी चष्मेवाला एक मुलगा बसला होता, त्याच्या शेजारची. ती बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला, त्याला हार्ड डिस्क जोडली आणि मोबाईलच्या इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. 'डिलीट झालेल्या फाइल्स दोन मिनिटांत परत' असं त्यावर ठळक लिहिलं होतं. हे कुठे बसवू, असं स्क्रीनने विचारलं. लॅपटॉप गच्च भरलेला, म्हणून तिने हार्ड डिस्क निवडली आणि...

"थांबा," शेजारचा म्हणाला. "तेवढं बटण दाबू नका."

"तुम्ही माझ्या स्क्रीनमध्ये कशाला बघताय?"

"चुकलंच. पण फाइल्स याच डिस्कवरनं गेल्यात का?"

"हो. मग?"

"मग याच डिस्कवर हे बसवलं तर ते तुमच्या फाइल्सच्या उरावर जाऊन बसेल." तो हळू, समजावून सांगत होता. "डिलीट केलं म्हणजे लगेच पुसलं जात न्हाई. ती जागा रिकामी आहे एवढीच नोंद होते. तिथं दुसरं काही लिहिलं गेलं, की मग मात्र संपलं."

भाग्यश्रीने बोट उचललं. दोन दिवस ती रडून घेत होती, आता रडायलाही काही उरलं नव्हतं. "काल बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो टाकलेत मी याच्यावर," ती म्हणाली.

"किती?"

"पुष्कळ... बहीण हौशी आहे."

तो हसला नाही, पण चष्म्यामागे डोळे जरा बारीक झाले. "असू दे. आता मात्र काही टाकू नका. डिस्क काढा आणि पिशवीत ठेवा."

त्याचं नाव जिनेंद्र चौगुले. सांगलीत विश्रामबागेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. साताऱ्यातल्या एका कॉलेजची मशीन बघायला तो निघाला होता. पेठ नाका येईपर्यंत भाग्यश्रीने त्याला सगळं सांगून टाकलं. ती साताऱ्यात एका संस्थेत काम करत होती. गावोगावच्या म्हाताऱ्या फौजींकडे जायचं, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवायच्या. दोन वर्षांत अडुसष्ट जण झाले होते, सगळे या एकाच डिस्कवर. शनिवारी घरी बसून डिस्क आवरताना 'नवीन' आणि 'नवीन कॉपी' अशी दोन फोल्डरं दिसली. एक उडवावं म्हणून तिने शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे ते रिसायकल बिनमध्येही उरलं नाही. मग दुसरं उघडलं, तर ते रिकामं होतं.

"त्यातले आकाराम तात्या आता बोलत नाहीत," ती म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी झटका आला, वाचाच गेली. त्यांचा आवाज तेवढा माझ्याकडे होता."

जिनेंद्रने पिशवीतली डिस्क मागून घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली.

"मिळतील का परत?"

"सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

दोन दिवसांत ज्याला विचारलं तो एकतर 'लगेच मिळतील' म्हणाला होता, नाहीतर 'गेलं ते विसर'. 'सांगता येत न्हाई' म्हणणारा हा पहिलाच. आणि आश्चर्य म्हणजे, तेवढ्यानेच तिला पहिल्यांदा धीर आला.

कराडला गाडी थांबली तेव्हा त्याने खिडकीतून दोन चहा घेतले. एक तिच्या हातात देत म्हणाला, "ऑफिसात सांगितलंय?"

"मिळाल्यावर सांगेन."

"मग ती नुसती बातमी झाली. कबूल करायचं तर आधी करावं लागतं."

तिला राग आला. गरम चहाचा घोट जिभेला चटका देऊन गेला, तोही त्याच्याच नावावर तिने जमा केला. पण साताऱ्यात उतरल्यावर ती सरळ राजेश्वरीताईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. संस्था ताईंची होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. "त्या मुलाला डिस्क दे," त्या म्हणाल्या. "आणि आकाराम तात्यांच्या घरी काय ते तूच सांगायचं. मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी."

शनिवारी ती विश्रामबागेत गेली. दुकान एवढंसं, पण प्रत्येक तारेला चिठ्ठी लावलेली. तिला वाटलं होतं, डिस्क दिली की तो काहीतरी चालू करेल आणि मोकळा होईल. त्याने आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावली.

"चुका करायच्या त्या नकलेवर," तो म्हणाला. "तुमच्या डिस्कला आता कुणी हात लावायचा न्हाई. मीसुद्धा."

"मग सॉफ्टवेअर कुठलं?"

"तेच ठरवायचंय. तीन बघून ठेवलीत." त्याने एक पेनड्राइव्ह काढला. "याच्यावर माझं रेकॉर्डिंग टाकलंय, आणि डिलीट केलंय. वर फोटोही ओतलेत, तुमच्या बहिणीसारखे. आधी माझं हरवून बघू. जे नीट शोधून देईल, त्याच्या हाती तुमचं."

भाग्यश्री त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या सावकाशीने, इतक्या काळजीने कुणी कुणाचं काम करतं हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या घरात सगळे घाईचे. ती स्वतः तर घाईचीच, म्हणून तर हे झालं होतं.

पहिल्या सॉफ्टवेअरची जाहिरात सगळ्यात झकपक. त्याने फाइलींची नावं भराभर दाखवली, पण एकही फाइल वाजेना. दुसरं सॉफ्टवेअर सापडलेल्या फाइली परत त्याच पेनड्राइव्हवर ठेवायला निघालं. जिनेंद्रने मान हलवली आणि ते बंद केलं. तिसरं दिसायला अगदीच साधं होतं. त्याने तासभर घेतला, नावं एकही दाखवली नाहीत, नुसते आकडे. पण पहिल्याच आकड्यावर क्लिक केलं आणि दुकानात हार्मोनियम वाजायला लागली. सूर एकीकडे आणि हात भलतीकडे.

"हे कोण वाजवतंय?"

जिनेंद्रचे कान लाल झाले. "मी. क्लास लावलाय."

"हे परत आलं नसतं तरी चाललं असतं," भाग्यश्री म्हणाली, आणि आठवडाभरात पहिल्यांदा मनापासून हसली. तोही हसला. मग त्याने ती फाइल शेवटपर्यंत ऐकली, कुठे तुटलीय का ते बघायला. ती फाइल कुठेच तुटली नव्हती.

"हे घेऊ," तो म्हणाला. "बोलतं कमी, करतं जास्त."

"तुमच्यासारखं."

तो चहा सांगायला म्हणून बाहेर गेला तो पाच मिनिटं आलाच नाही, आणि आला तेव्हा चहा विसरून आला होता.

नकलेवर शोध संपायला रविवारची दुपार झाली. शेकडो तुकडे सापडले, सगळे बिननावाचे. कुठला कुणाचा हे ऐकूनच ओळखावं लागणार होतं, आणि ते फक्त भाग्यश्रीला येणार होतं. मग तिचा प्रत्येक शनिवार-रविवार विश्रामबागेत जाऊ लागला. एकाच इअरफोनची एक बाजू तिच्या कानात, एक त्याच्या. ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "हे खटावचे. मागं कोंबडा आहे ना, तो दर दोन वाक्यांनी आरवायचा." किंवा, "हे बोलताना सुपारी कातरतात." तो नाव टाइप करायचा, आणि तिने डोळे उघडले की घाईने स्क्रीनकडे बघायचा.

"तुम्हाला सगळ्यांचं सगळं कसं लक्षात राहतं?" एकदा त्याने विचारलं.

"ऐकते म्हणून."

"मशीन हजार फाइली काढून देईल. पण ही माणसं तुमच्यामुळंच सापडायला लागलीत." हे त्याने कीबोर्डकडे बघत म्हटलं. भाग्यश्रीला पुढचा तुकडा दोनदा ऐकावा लागला.

चौथ्या रविवारपर्यंत एकसष्ट आवाज सापडले. सहा मिळणार नाहीत हेही कळून चुकलं. साखरपुड्याच्या फोटोंखाली ते कायमचे गेले होते. त्या सहा घरी पुन्हा जायचं तिने ठरवलं, देवाच्या दयेने ती माणसं अजून बोलती होती. राहिले होते फक्त आकाराम तात्या. दुपारी तिने एका तुकड्यावर क्लिक केलं. आधी खोकला आला. मग, "चालू झालं का गं तुजं मशीन?"

तिने जिनेंद्रचा हात घट्ट धरला. धरलाय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. त्याला बहुधा आधीच कळलं होतं, कारण त्याने दुसऱ्या हाताने आवाज मोठा केला.

पाऊण तासातली एकोणीस मिनिटं मिळाली होती.

पुढच्या रविवारी दोघं रहिमतपूरजवळच्या त्या गावी गेली. अंगणात आल्याची पोती रचलेली. तात्या खाटेवर उशांना टेकून बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी बनुबाई. भाग्यश्रीने आधी आपली चूक सांगितली, काही न लपवता. "अर्ध्याहून जास्त गेलंय, आजी. माझ्या हातनं गेलंय."

"अगं, आमचं सगळंच गेलं हुतं," बनुबाई म्हणाल्या. "लाव की काय हाय ते."

तात्यांचा आवाज अंगणात आला. ते पहिल्या रजेची गोष्ट सांगत होते. लग्नानंतर दोन वर्षांनी घरी आलेले. "ही इहिरीवर हुती. मी वळखलंच न्हाई, वाट इचारली हिलाच. हिनं वळखलं, पर बोलली न्हाई. हात करून वाट दावली अन् म्होरं चालाय लागली. मी मागं मागं. तवा मनात आलं, आता जलमभर हिच्याच मागं जायाचं. लय ग्वाड वाटलं. पर हिला सांगाय कवा जमलं न्हाई."

बनुबाई पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे असूनही. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तात्यांना बोलता येत नव्हतं, पण त्यांनी बरा असलेला हात उचलून बायकोच्या मनगटावर ठेवला.

"येवढ्या वर्सांत सांगाय काय झालं हुतं वो?" बनुबाई म्हणाल्या. आणि जिनेंद्रला, "पुन्यांदा लाव रं, बाबा."

त्याने पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं, आणि एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. भाग्यश्री उंबऱ्यापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. आपण काय बोलणार आहोत ते तिला तिथेच कळलं.

रहिमतपूरच्या स्टँडवर दोघं थांबली. तिला साताऱ्याला जायचं होतं, त्याला सांगलीला. समोरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते.

"काम संपलं," ती म्हणाली.

"हं."

"पुढच्या शनिवारी मला विश्रामबागेत यायला काही कारण नाही."

"न्हाई."

"पण मला यायचंय. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मला तुम्ही आवडता, जिनेंद्र. आता तुमचं सांगा."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी काहीही निवडायचं म्हटलं की लय वेळ लावतो. तुम्ही बघितलंच आहे."

"हो," ती म्हणाली, आणि गाडी येतेय का ते बघायला मान वळवली.

"पण हे निवडून महिना झाला," तो म्हणाला. "हार्मोनियम ऐकून हसलात ना... तवाच. बोलायचं धाडस तेवढं होत नव्हतं. आईला मात्र सांगून मोकळा झालोय. ती रोज विचारते, त्या आष्ट्याच्या पोरीला घरी कवा आणतोस."

सातारा गाडी येऊन उभी राहिली होती, कंडक्टर दारातून हाका मारत होता. ती दोन पायऱ्या चढली आणि वळली.

"आईंना सांग, रविवारी येते," ती म्हणाली. "आणि तू घ्यायला ये मला, आष्ट्याला."

जिनेंद्र नुसता होकारार्थी मान डोलवत उभा राहिला. सांगलीची गाडी त्याच्या मागून निघून गेली, तरी त्याला पत्ता नव्हता.