उन्हात वाजलेले शिंग

खंडेनवमीची पहाट काजरगडावर फुटली तेव्हा खाडीवर धुके होते, आणि त्या धुक्यात दर्यादरवाज्याच्या बिजागऱ्यांना तेल घालीत एलोजी नाईक तळेकर उकिडवा बसला होता. हे काही नाइकाचे काम नव्हे. पण गडी शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांपैकी, आणि दुसऱ्याने घातलेले तेल त्याला कधी पसंत पडले असेल तर शपथ. हाताखाली त्याच्याच जमातीचे तीस शिपाई होते. तीन पिढ्या दर्यादरवाजा त्यांच्याच हवाली होता.

यंदा मात्र पंचाईत झाली होती. दसऱ्याला अवघी शिबंदी किल्लेदारांमागून सीमोल्लंघनाला जायची आणि मागे गड या तीस माणसांनी राखायचा, असा शिरस्ता. पण त्यांचा दारफाळणीचा सण त्यांच्या पंचांगाने कधी महिनाभर आधी यायचा, तर कधी नेमका दसऱ्यालाच. यंदा तो दसऱ्यालाच आला. वर्षभराच्या पापांची देवापाशी माफी मागायचा तो दिवस. आदल्या सांजेपासून पांढरी वस्त्रे नेसून, पाण्याचा थेंबही न घेता दार लावून बसायचे, हत्याराला शिवायचे नाही, बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. चांदण्या दिसल्या की शिंग वाजायचे, आणि मगच दार उघडायचे.

ते शिंग मेंढ्याचे होते. रुंद टोकाला चांदीचे वळे, वळ्यावर डाळिंबाची नाजूक वेल. एलोजीच्या पणजोबांनी ते कोचीहून आणले होते आणि ते फुंकण्याचा मान तळेकरांचा होता. नाइकी गेली असती तर एलोजी दोन दिवस हळहळला असता. तो मान गेला असता तर जिवंतपणी मेला असता.

त्या सकाळी सदरेवर किल्लेदार सुभानराव दळवींनी विचारले, "नाईक, उद्या दर्यादरवाजा कोणाच्या भरवशावर?"

एलोजी तोंड उघडणार तोच कारभारी अंताजीपंत पुढे सरसावले. एलोजीची सावली पडली तरी शेला झटकणारा हा माणूस! 'घाण्याचा बैल' याखेरीज दुसऱ्या नावाने नाइकाला त्यांनी कधी हाक मारली नव्हती.

"सरकारांनी निश्चिंत असावे. माझी सहा माणसे घेऊन दरवाजा मी राखतो. बिचाऱ्यांना त्यांचा सण करू द्यावा."

"पंतांना आमची एवढी माया कधीपासून?" एलोजी म्हणाला.

"पायरी सांभाळून बोल, तेल्या!" पंत कडाडले, मग लगेच आवाज मऊ करून म्हणाले, "बरे, दार केव्हा उघडते तुमचे?"

"चांदण्या दिसल्यावर. शिंग वाजल्यावर."

"आणि त्याआधी गडाला आग लागली तर?"

"असे का विचारता, पंत?"

"सहज."

सहज म्हणे! ते 'सहज' एलोजीच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून राहिले.

दसऱ्याच्या दुपारी नौबत, कर्णे, रणशिंगे सगळा लवाजमा मिरवीत शिबंदी गडाबाहेर गेली. तटाच्या पोटाशी असलेल्या प्रार्थनेच्या खोलीत खिडक्या लावलेल्या, एकच दिवा तेवत होता आणि तीस माणसे डोक्यावरून पांढरी चादर ओढून डुलत पुटपुटत होती. बाहेर दिवस किती चढला, किती उतरला, कोणालाच ठाऊक नव्हते. शिंग मांडीवर घेऊन एलोजी मागच्या दिंडीपाशी बसला होता. इतक्यात दगडावर जड लाकूड पडल्याचा आवाज झाला. तो दर्यादरवाज्याचा अडसर होता. बिजागऱ्या मात्र अजिबात कुरकुरल्या नाहीत. तेल त्यानेच घातले होते ना!

तो सरकत चुलत्यांपाशी, जमातीचे धर्मप्रमुख दाऊदजी काजींपाशी गेला. "काका, दरवाजा उघडलाय कोणीतरी."

काजींनी डोळेही उघडले नाहीत. "आज आपलं दार उघडत नाही. बस."

एलोजी बसला नाही. दिंडीतून निघून तो बुरुजावर चढला आणि त्याने पाहिले: गनिमाची तीन गलबते शिडे उतरवून, नुसत्या वल्ह्यांवर खाडीत शिरली होती. दरवाजा सताड उघडा, आणि अंताजीपंत शेला हलवून त्यांना खूण करीत होते. दारूकोठाराची किल्ली त्यांच्याच कमरेला, म्हणजे तोफाही मुक्या. गडावर आवाज करील अशी एकच चीज उरली होती, आणि ती एलोजीच्या हातात होती.

ती फुंकली की आतले तीसही जण दिवस सरला असे समजून दार उघडणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणजे माफीच्या दिवशी, खुद्द देवासमोर, आपल्या माणसांशी खोटे बोलणे आले. "देवा, हे पाप माझं एकट्याचं," असे म्हणून त्याने शिंग ओठाला लावले आणि छाती फुटेस्तोवर फुंकले.

"बंद कर, हरामखोरा!" पंत तलवार उपसून पायऱ्या चढत आले. पहिला वार एलोजीच्या खांद्यात बसला. दुसरा त्याने शिंगावर झेलला. चांदीचे वळे चेपले, डाळिंबाची वेल मधोमध दबली. त्याच चांदीने त्याने पंतांच्या कानशिलात अशी हाणली की पंत गडगडत खाली गेले.

तोवर दार उघडले होते. पांढऱ्या वस्त्रांतली अनवाणी, निःशस्त्र माणसे बाहेर आली आणि उन्हाने डोळे दिपून जागीच थबकली.

"अरे चांडाळा, ऊन आहे अजून!" काजी ओरडले.

"खाडीकडे बघा, काका!"

मग ती माणसे तशीच रिकाम्या हातांनी दरवाज्यावर धावून गेली. पंतांच्या सहा जणांना लोटून त्यांनी फळ्या खांद्याने रेटल्या आणि पहिले गलबत धक्क्याला लागता लागता अडसर घातला. शिंग ऐकून शिबंदीही माघारी धावली, आणि गलबते आली तशी फिरली.

अंताजीपंतांचा कडेलोट झाला. किल्लेदारांनी भर सदरेत एलोजीच्या हातात सोन्याचे कडे चढवले. त्याच सांजेला काजींनी त्याच्या हातून शिंग काढून घेतले.

"गड राखलास, त्याचं कडं तुला मिळालं. त्या दिवशी खोटं शिंग फुंकलंस, त्याचंही मिळायला हवं. दारफाळणीला तुला हे दार बंद."

"काका, मी..."

"मी अजून बोलतोय. शिंगाचा मानही गेला तुझा."

एलोजीने मान खाली घातली. पंतांच्या वारापेक्षा हा वार खोल गेला.

पुढल्या वर्षी दार लागले तेव्हा तो बाहेर होता. पांढरे नेसून, उपाशी, दर्यादरवाज्याला पाठ टेकून तो दिवसभर बसून राहिला. सूर्य बुडाला, चांदण्या उमटल्या. प्रार्थनेच्या खोलीतून नुसती फुसफुस ऐकू आली. कोणाच्या फुंकरीने ते शिंग बोलेना. मग दिंडी किलकिली झाली आणि म्हातारे काजी चेपलेले शिंग घेऊन बाहेर आले. त्यांनी आभाळाकडे पाहून तीन चांदण्या मोजल्या.

"तूही मोज. दिवस खरंच बुडालाय ना?"

"बुडालाय, काका." एलोजीने शिंग घेतले आणि तिथेच ओठाकडे नेले.

काजींनी त्याचे मनगट धरले. "इथं नाही. आत ये. शिंग आतून वाजवायचं असतं."