डोंकोर आडनावाची मुलगी

"अहो मॅडम, तिथं बसू नका!"

मी डबा मांडीवर घेऊन नुकतीच टेकले होते. उत्तरेचा कोरडा वारा नुसता धूळ उधळत होता, ओठ फुटले होते, बसमध्ये कंबर मोडली होती... आणि हा उपदेश!

"का? दगड तुमच्या वडिलांचा आहे?"

"नाही. पण मुंग्या गावच्याच आहेत. त्यांना पाहुण्यांचं फार —"

तोवर एक चावलीच. मी उडी मारली, डबा पालथा झाला आणि तो इतका मोकळा हसला की मलाही धड रागावता येईना.

हा इसाहाकू. सकाळी सलागा गावातल्या, गुलामांच्या बाजाराच्या काळातल्या जुन्या विहिरी पाहुण्यांना दाखवायचा, दुपारी शाळेत भूगोल शिकवायचा. आणि मी अफ्राकोमा, दक्षिणेकडच्या कुमासी शहराची, इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला. गुलामगिरीचा इतिहास अशा सार्वजनिक जागी कसा सांगितला जातो, हे पाहायला महिनाभर आले होते. निघण्याआधी आमच्या प्राध्यापक बाईंनी शिकण्याची तीन उद्दिष्टं लिहायला लावली होती. त्याशिवाय त्या सही देईनात.

त्याने माझी वही ओढून घेतली. "एक, फलकावर काय लिहिलं आहे. दोन, काय लिहिलेलं नाही. तीन... तीन कुठंय?"

"सुचलं नाही."

"दुसरं गाळून टाका मग. न लिहिलेलं वाचणार कसं, मॅडम?" असं म्हणून त्याने खिशातून शियाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याची इवलीशी डबी काढली. "आधी ओठांना लावा. बोलताना रक्त येतंय."

मी बोटावर घेतलं. तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका आला आणि त्याची फेरी सुरू झाली. "इथं माणसांना आंघोळ घातली जाई. अंगाला हेच लोणी चोळलं जाई, म्हणजे ती धडधाकट दिसत. मग त्यांना बाजारात विकलं जाई." हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहणं टाळलं. माझं बोट ओठांवरच थांबलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी त्याला गाठलं. "घातली जाई, चोळलं जाई, विकलं जाई... हे करत कोण होतं? भुतं?"

"व्यापारी."

"ते राहायचे कुठं?"

"वहीत नाव लिहा," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या."

मी लिहिलं. त्याने वाचलं आणि त्याची भुवई वर गेली. "डोंकोर? म्हणजे... उत्तरेकडून आणलेला गुलाम?"

हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ होता, उत्तरही. आमच्याकडे एखाद्या घरात मुलं जगत नसली, की पुढच्या बाळाला मुद्दाम डोंकोर म्हणतात. मृत्यूला वाटावं, हे कुणाचं तरी टाकाऊ पोर आहे, कशाला न्यायचं! माझे आजोबा असेच वाचले. आधीची तीन गेली, हे चौथे.

"असं सगळेच डोंकोर सांगतात," तो सहज बोलून गेला.

माझं डोकंच फिरलं. "आमच्याकडे कुणाचं मूळ काढत नाहीत! पूर्वी त्याला दंड होता. निदान एक मेंढी!" वही त्याच्या हातावर आपटून मी तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उतरले होते त्या घरच्या मालकीणबाई, हज करून आलेल्या म्हणून सगळ्यांच्या हाजिया, दारातून ओरडल्या, "अगं ए कुमासीवाली, मागणी आली बघ तुला! मेंढीसकट!"

अंगणात इसाहाकू. हातात दोरी, दोरीला मेंढी, आणि चेहरा असा, की तोच बांधलेला वाटावा.

"दंड भरायला आलोय."

"मी हिला काय वसतिगृहात ठेवू?" हसू आवरत मी विचारलं.

"नको असेल तर बरंच आहे. आईची आहे, न विचारता आणलीये." मग तो गंभीर झाला. "मी तुमचं मूळ काढलं. आता माझं ऐका. ते व्यापारी उतरायचे ना... ते घर आमचं. पणजोबा दलाल होते. विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध बसायचे. फेरीत मी हे कधीच सांगत नाही."

मेंढी बें बें करत राहिली.

खरं सांगते, मला तो आवडायला लागला होता. त्याचं हसणं, त्याचं अडखळणं, सगळंच. म्हणून तर भीती वाटली. माझं नाव खरं निघालं, तर त्याच्या अंगणातून माझीच माणसं विकली गेली असतील. त्या दुपारी मी आजीला फोन लावला.

"हे कोण विचारतंय?" तिचा आवाज एकदम करडा झाला.

"मीच, आजी."

तिने आधी कोंबड्या हुसकावल्या, मग दार लावल्याचा आवाज आला.

"तुझे आजोबा चौथे नव्हते गं," ती शेवटी म्हणाली. "थोरले होते. त्यांच्याआधी कुणीच गेलं नव्हतं. त्यांची आई उत्तरेकडून आली... चालत. आता पुन्हा विचारू नकोस."

मी खूप रडले. मग वही उघडून तिसरं उद्दिष्ट लिहिलं: विचारायचं, आणि उत्तर आलं की पळून जायचं नाही.

इसाहाकू शाळेच्या फाटकाशी भेटला. मी सांगितलं तसा तो भिंतीला टेकला.

"म्हणजे... तुम्ही उद्याच्या बसने जाणार."

"तुम्हीच ठरवून टाकलंत?"

"मी तर गेलो असतो."

"मला राग येतोय, इसाहाकू. तुझा नाही, पण येतोय. आणि तू दिसलास की तो कमी होतो, म्हणून जास्तच येतो!"

"मला 'तू'... म्हणालीस?"

"हो, म्हणाले. आता मला तुझ्या घरी ने."

त्याच्या आईने, मेमुनाबाईंनी, दारातच भोपळ्याच्या वाटीत पाणी दिलं. पाहुणा पाणी पिईपर्यंत त्याला काही विचारायचं नाही, ही रीत दोन्हीकडची सारखीच. मी सगळं पाणी प्यायले.

"वाट कशी होती, पोरी? कशासाठी आलीस?"

"दोन गोष्टींसाठी, आई. माझ्या आजोबांची आई इथल्या बाजारात विकली गेली असावी. कदाचित तुमच्याच अंगणातून. आणि... तुमचा मुलगा मला आवडतो."

इसाहाकूला ठसका लागला. मेमुनाबाई मात्र माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांनी रिकामी वाटी माझ्या हातातून घेतली आणि चटईवर सरकून शेजारी जागा केली.

"दुसरी मला ठाऊक होती," त्या म्हणाल्या. "पहिली नव्हती. ती आधी सांग, सगळी. हा थांबेल."

मी बसले आणि सांगायला लागले. आणि तो थांबला.