बाळकुमच्या तळघरातली खुर्ची

पटो न पटो, हे घडलंय. ठाण्यात, बाळकुमला. मार्चमधला रविवार, भर दुपार.

तळघरातल्या लॅबमध्ये होतं ते इतकंच: एक टेबल, दोन लेझर, काचेची एक पेटी, एक घड्याळ, भिंतीवर एक कॅमेरा, एक खुर्ची. आणि एक माणूस, अपूर्व.

लेझर चालू असताना आत एकट्याने थांबायचं नाही, हा नियम. म्हणून त्याची सहकारी सुमेधा नौपाड्यात घरी बसून लॅपटॉपवर त्याच्यावर लक्ष ठेवून होती. फोन स्पीकरवर.

पदार्थातले इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे रेटतात, ते थेट दिसत नाही. म्हणून हे दोघं अतिथंड अणूंना इलेक्ट्रॉनचं सोंग घ्यायला लावायचे. प्रकाशाची जाळी विणायची, तिच्या घराघरात अणू बसवायचे, फोटो काढायचा. घरात एक अणू असला की ठिपका उमटतो. दोन असले तर फोटोच्या उजेडात दोघंही उडून जातात...

घर रिकामं दिसतं.

"आज फारच घरं रिकामी येतायत गं," अपूर्व म्हणाला.

सुमेधाने कॅमेऱ्याचा पडदा पाहिला.

खुर्ची रिकामी होती...

"अरे, गेलास कुठे?"

"कुठे जाणार? खुर्चीतच आहे. चष्मा पूस जरा!"

"मस्करी नको. हात हलव."

"हलवतोय की!"

पडद्यावर काहीच हललं नाही. घड्याळाचा काटा मात्र पुढे सरकत होता.

फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

आणि त्याच्या मागोमाग... दुसरा.

रिकामं दिसणं म्हणजे कोणी नसणं नव्हे. रोज फोटोत तेच तर बघत होती ती.

एका जागी दोघं.

"अपूर्व, ऊठ. बाहेर ये."

"झालं काय?"

"ऊठ म्हणते ना!"

तो उठला. लगेच पडद्यावर दिसला, दाराकडे निघालेला.

खुर्चीतही कोणीतरी दिसलं... पाठमोरं.

मग तेही उठलं.

"पळ!" ती किंचाळली.

दाराशी ते त्याच्यापर्यंत पोचलं, आणि पडद्यावर कोणीच उरलं नाही. दार उघडलं. बंद झालं.

अर्ध्या तासाने अपूर्व नौपाड्यात आला. एकटाच. घामाघूम.

"काय पाहिलंस तू, सांग ना!"

खालच्या दवाखान्यात वजनकाटा होता. सुमेधा त्याला तिथे घेऊन गेली.

"तुझं वजन किती रे?"

"त्रेपन्न. काडीपैलवान म्हणतेस ना मला?"

"चढ."

तो चढला. तिने त्याला उतरवून काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढवलं.

दोन्ही वेळा आकडा तोच आला.

एकशे नऊ किलो, चारशे ग्रॅम.