डावीकडची खिडकी

"ही जागा नको," तो म्हणाला.

मी मान वर केली. विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर मी सहा वर्षं बसते आहे. जागा मागणारा माणूस कसा वागतो ते मला पाठ आहे. आधी हसतो, मग लाचार होतो, मग ओरडतो. हा यातलं काहीच करत नव्हता. बोर्डिंग पास माझ्याकडे परत सरकवून नुसता उभा होता. खांद्यावर जाड कापडाची पिशवी, नखांच्या कडांना कधीच न निघणारं ग्रीस, आणि त्याच्या पँटचा खिसा मुठीत धरून उभी असलेली चार वर्षांची पोरगी.

मला संताप आला. मशीनने बापाला बाराव्या रांगेत आणि पोरीला चोविसाव्या रांगेत फेकलं होतं. मी माझ्या जबाबदारीवर दोन शेजारच्या जागा काढून दिल्या. पोरीला खिडकी, बाप तिला लागून. तेही फुकट. आणि वर हा म्हणतो, नको.

"शेजारी-शेजारी दिलंय ना? आता काय, पायलटच्या मांडीवर बसवू?"

"पायलटला चालत असेल तर बघा," तो शांतपणे म्हणाला. "पण खिडकी डावीकडची हवी. हिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवीकडच्या खिडकीत बसली की मी तिच्या डाव्या बाजूला येतो. मग मी बोलतो आणि तिला नुसते माझे ओठ हलताना दिसतात... विमान वर जाताना ती घाबरते. तेव्हा तिला आवाज लागतो."

माझा सूर खाली आला. "मग तुम्ही खिडकीत बसा, तिला मधे घ्या. थोडं अ‍ॅडजस्ट करा ना."

"एक कान नाही म्हणून खिडकीपण सोडायची तिने?"

भांडायला विचारलं नव्हतं त्याने. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

'अ‍ॅडजस्ट करा' हे मी दिवसातून शंभरदा म्हणते. त्याआधी जन्मभर ऐकत आले. आमच्या घरात खिडकीखालची खाट भावाची, कारण त्याला उकडतं. मला जणू उकडतच नव्हतं. ती खाट त्याचीच का, असं माझ्या वतीने कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. आणि हा माणूस एवढ्याशा पोरीसाठी, रांगेत मागे वीस माणसं खोळंबलेली असताना, ते विचारत होता.

मी एकोणतिसावी रांग उघडली.

एकोणतिसावी रांग ही आमची, काउंटरवरच्या बायकांची चोरी होती. शेजारच्या काउंटरवरच्या ताईने मला ती पहिल्याच आठवड्यात शिकवली. दर विमानातली शेवटची रांग मशीनमध्ये 'नादुरुस्त' दाखवायची. पट्टा अडकतो, खुर्ची हलते, काय वाटेल ते लिहायचं. म्हणजे जादा पैसे भरून कुणी ती घेऊ शकत नाही. काउंटर बंद व्हायला थोडा वेळ उरला की हळूच 'दुरुस्त' करायची आणि ज्यांची पोरं मशीनने लांब फेकली असतील त्यांना द्यायची.

"एकोणतीस ए आणि बी. ए म्हणजे डावी खिडकी," मी म्हणाले. "पण ही रांग नादुरुस्त आहे हं."

"काय बिघडलंय?"

"काही नाही. तशी पाटी लावून ठेवतो आम्ही."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "मी लिफ्टचं काम करतो. आमच्याकडे उलटं असतं. पाटी 'चालू आहे' अशी, आणि माणूस आत अडकलेला."

ते दोघं गेले. आत जाण्याच्या दारापाशी पोरीने मागे वळून पाहिलं. त्यानेही पाहिलं... की मला तसं वाटलं, कोण जाणे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो पुन्हा आला. कानाचा मोठा दवाखाना दुसऱ्या शहरात, बसने दीड दिवसाचा रस्ता, आणि त्याला सुट्टी मिळायची दोनच दिवस. म्हणून सगळ्यात स्वस्त तिकीट, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाला मशीनची शिक्षा. मी एकोणतिसावी रांग तयार ठेवली होती.

"लोक माझ्याशी अडकल्यावरच बोलतात," तो एकदा म्हणाला.

"माझ्याशीपण."

"मी अडकलेलो नाही. रांग तर तुम्ही आधीच ठेवलेली असते. तरी बोलतोय."

मी पिशवीला टॅग लावत राहिले. कान गरम झाले होते, सांगायला लाज कसली.

आम्हाला मिळायची फक्त तीन मिनिटं. महिन्यातून तीन. तेवढ्यात माणूस किती कळतो? पुष्कळ कळतो. मी एकदा आडून विचारलं, हिची आई... तर म्हणाला, "आम्ही वेगळे झालो. बाई चांगली आहे. आमचं जमलं नाही, एवढंच." वेगळ्या झालेल्या बायकोबद्दल एकही वाकडा शब्द न बोलणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या घरचे तर भाजी खारट झाली तरी बायकोच्या माहेरापर्यंत पोचतात.

पोरीला तो मास्तरीण म्हणायचा, आणि ती होतीच तशी. तिसऱ्या खेपेला तिने काउंटरच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि माझी तपासणी घेतली.

"तुझी खिडकी कुठाय?"

"मला नाही खिडकी."

"का?"

पुन्हा तोच प्रश्न. हे बापलेक घरात दुसरं काही बोलतात की नाही!

चौथ्या खेपेला तिने कागद आणला. निळी चौकट, आत तीन ढग. बापाने तो माझ्या काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला. कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"डावीकडे लाव," मास्तरीण म्हणाली.

काढून डावीकडे लावला. तो ठसा मी कधी पुसला नाही.

"आज पहिला मंगळवार वाटतं," ताई पुटपुटायची. "केस धुतलेस."

"दर मंगळवारी धुते."

"गेल्या मंगळवारी तेल टपकत होतं तुझ्या डोक्यातून."

सातव्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक, आमच्या सुपरवायझर मॅडमना रांग सापडली. दर विमानाची एकच रांग कशी बिघडते, असा प्रश्न अखेर कुणालातरी पडला. मॅडमनी मला आत बोलावलं, कागद पुढे केला. यापुढे माझ्या नावाने एकही जागा बदलली गेली तर काउंटर सुटला. "मुलं मुलं काय करता?" त्या म्हणाल्या. "ज्यांना शेजारी बसायचंय ते पैसे भरतात." त्यांना दोन मुलं आहेत. मी सही केली. घरात माझ्या पगारावर चार माणसं जेवतात.

आणि दुसरी. तो म्हणाला, "पुढची खेप शेवटची. डाव्या कानात यंत्र बसवणार आहेत. ऑपरेशन. दीड महिना तिथेच राहायचं, मग इकडच्याच दवाखान्यात दाखवायचं. विमान संपलं."

"छान," मी म्हणाले, आणि टॅग उलटा लावला.

त्याने तो सुलटा केला. त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर थांबली. तीन मिनिटं संपली होती.

मग तो मंगळवार आला. विमान गच्च भरलेलं. मशीनने बाप आठव्या रांगेत टाकला, पोरगी एकविसाव्या रांगेत, दोन परक्या पुरुषांच्या मधे. मॅडम माझ्या पाठीमागे पाच पावलांवर उभ्या. मास्तरणीने केस अगदी बारीक कापलेले, ऑपरेशनसाठी. आज ती काही विचारत नव्हती. खिसा दोन्ही मुठींत धरला होता.

मी पडद्याकडे बघत राहिले. त्याने माझा चेहरा पाहिला, मग मॅडमना पाहिलं, आणि समजला.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "आम्ही अ‍ॅडजस्ट करतो."

तो म्हणाला! सगळ्या जगाने म्हणावं, मी म्हणावं, पण त्याने? आठ महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि आता तो माझ्यासाठी म्हणत होता. माझी नोकरी वाचावी म्हणून पोरीची खिडकी सोडत होता... ऑपरेशनला जाणाऱ्या पोरीची.

मी खुर्चीवरून उठले. काउंटर लांबलचक होता, वळसा घालायला वेळ नव्हता. म्हणून सामान तोलायच्या पट्ट्यावरच चढले. मागे लाल आकड्यांत माझं वजन झळकलं. झळको.

"ऐका!" मी ओरडले. "ही मुलगी चार वर्षांची आहे. मशीनला तिचं वय दिसतं. तरी ते तिला बापापासून तेरा रांगा लांब टाकतं. चुकून नाही, मुद्दाम. तुम्ही घाबरावं आणि पैसे भरावेत म्हणून! हिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आज ती ऑपरेशनला चालली आहे. मला डावीकडची खिडकी आणि तिच्या शेजारची जागा हवी. कुणाकडे आहे?"

रांगेत एक-दोघांनी मोबाइल वर केले. एका सूटवाल्या माणसाने बुटांकडे पाहायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "खाली उतर." मी उतरले नाही.

मग रांगेच्या मधून काठी टेकत एक आजी पुढे आल्या, मागे आजोबा.

"अकरावी रांग, ए आणि बी. मुलाने आम्हाला शेजारी बसायला पैसे भरून घेऊन दिल्यात," आजी म्हणाल्या. "पण बेचाळीस वर्षं शेजारीच बसलोय. दोन तास सुटका मिळाली तर मला हवीच आहे."

"मलापण," आजोबा म्हणाले.

मी माझ्या नावाने चारही जागा बदलल्या. पास मी त्याच्या हातात दिले. मास्तरीण म्हणाली, "तू खूप मोठ्याने बोलतेस." मग विचार करून, "मला आवडलं."

दारापाशी तो थांबला, वळला. त्या दिवशी मात्र शंका नव्हती. माझ्याकडेच बघत होता.

संध्याकाळी काउंटर सुटला. नोकरी राहिली, कारण कुणाच्या तरी मोबाइलमधला माझा आरडाओरडा आजूबाजूला फिरला होता आणि मला काढणं कंपनीला परवडणारं नव्हतं. मला खाली पाठवलं, येणाऱ्या प्रवाशांच्या मजल्यावर, हरवलेल्या सामानाच्या टेबलावर. शिक्षा म्हणूनच. निघताना निळी चौकट उचकटून घेतली, ठशासकट. "त्रेपन्न किलो?" ताई डोळे पुसत म्हणाली. "मला पन्नास सांगत होतीस."

खालचं काम वाईट. लोक शिव्या देतात. पण एक गोष्ट मला खाली आल्यावर उमगली. सहा वर्षं मी माणसांच्या नुसत्या पाठी पाहिल्या होत्या. इथे माणसं समोरून येतात. परत येतात.

दीड महिना मी प्रवासी येतात ते सरकतं दार पाहिलं. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. म्हणजे मशीनमध्ये होता, पण मी तो काढला नाही. तीन मिनिटांत त्याने दिला असता तर घेतला असता.

सातव्या आठवड्यात तो जिन्यावरून उतरत आला, मी पाहत होते त्या दाराने नाही. धापा टाकत होता. पिशवी खांद्यावर, मास्तरीण कडेवर. तिच्या डाव्या कानामागे नाण्याएवढी काळी चकती.

मी फॉर्म पुढे ओढला. "काय हरवलंय?"

"काही नाही. सगळं सामान आलं."

"मग इथे काय काम?"

"पलीकडच्या दाराने बाहेर पडून आधी वर गेलो. तुमच्या काउंटरवर. ताई म्हणाल्या, खाली."

"जिन्याने? लिफ्ट होती ना."

"बंद आहे."

"दुरुस्त करायची."

"आज घाई होती," तो म्हणाला. पोरीला खाली ठेवलं, घाम पुसला. "माझ्यामुळे तुम्हाला खाली..."

"तुमच्यामुळे नाही. मी खरं बोलले म्हणून. आणि मला त्याचं काही वाटत नाही. बोला पुढचं."

तो बोटांच्या ग्रीसकडे बघत राहिला. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती, आणि पाठीमागे कुणी खोळंबलेलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, हा कान नवीन आहे. त्याला शिकवावं लागतं. त्या बाजूने कुणीतरी रोज बोलायला हवं. रोज... वर्षानुवर्षं." तो अडखळला. "मी उजवीकडे असतो. एक माणूस दोन्ही बाजूंना बसू शकत नाही."

"तुम्ही बाई शोधताय का कामाला?"

"नाही हो!" तो इतका दचकला की मला हसू आलं. मग त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला शोधतोय. कान नसता तरी शोधलं असतं. कानाचं निमित्त केलं, कारण नुसतं म्हणायला... जमत नव्हतं."

मला जे बोलायचं ते बोललेच. "मी अ‍ॅडजस्ट करणार नाही. आधीच सांगते. मलापण खिडकी लागते."

"एका रांगेत खिडकी एकच असते," तो म्हणाला. "पाळी लावू. माझी शेवटी."

टेबलाशेजारी तीन खुर्च्यांचा बाक आहे. मास्तरीण मधे जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी दोन्ही खुर्च्या थोपटल्या. तो तिच्या उजवीकडे बसला. मी डावीकडे. आजवर त्या बाजूला फक्त काच असायची, आणि ढग.

मी वाकले. त्या काळ्या चकतीपाशी तोंड नेलं आणि पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात विचारलं, "खिडकी कुणाची?"

तिच्या कपाळावर आठी पडली. ती बापाकडे बघायला लागली. त्याने मान हलवली नाही, मदत केली नाही. क्षण गेला. दोन गेले. मग आठी सुटली, आणि ती सावकाश माझ्या बाजूला वळली.

"आज तुझी," ती म्हणाली.