परत घेतलेला भोपळा

"तुम्ही दोघं नवरा-बायको आहात का हो? की अजून नुसतेच... फिरताय?"

विचारून टाकलं एकदाचं! पैजच होती ना. मागे माझ्या मैत्रिणी, उस्तिना आणि दारीना, तोंडावर हात दाबून उभ्या. किल्ल्याच्या पुलापाशी आमच्या दहावीच्या वर्गाने भोपळ्यांचं टेबल मांडलं होतं, आघाडीवरच्या सैनिकांना मदत म्हणून. आणि शुक्रवारच्या त्या दुपारी पुलावरून येणाऱ्या या जोडप्यावर आमची मघापासून नजर होती. तो गणवेशातला, उंच, रापलेला. ती हिरव्या कोटातली. चालत होते अगदी खांद्याला खांदा लावून, पण हातात हात नाही. हे कसलं चालणं?

तो हसला. "नाही गं. नुसतेच फिरतोय."

ती मात्र कठड्यावरून खाली नदीकडे बघायला लागली.

काहीतरी चुकलं, हे मला कळलं. आणि एक चूक सावरायला मी दुसरी करते, हे आईला विचारा! टेबलावरचा सगळ्यात मोठा भोपळा उचलला आणि दिला त्याच्या हातात. "हा आमच्याकडून! पैसे नकोत!"

"यारिना!" उस्तिना किंचाळली. "अगं वेडे, भोपळा दिलास तू त्याला!"

अरे देवा. आमच्याकडे मागणी घालायला आलेल्या मुलाच्या हातात भोपळा पडला, की समजायचं... नकार! त्या बिचाऱ्याने मला काही विचारलंही नव्हतं, आणि मी भर पुलावर त्याला नाकारून मोकळी.

सगळे हसले. तो सगळ्यात जास्त. ती नाही हसली.

"बरोबर हातात पडलाय," ती हळूच म्हणाली. "काल गाडीत यानेच मला एक दिला. मी विचारलं होतं."

त्याचं हसू मावळलं. मग मान वळवून तो मला म्हणाला, "मिनाराकडे... कुठून जायचं?"

"ही दाखवेल ना!" म्हणत मैत्रिणींनी मला पुढे ढकललं.

त्याचं नाव ल्युबोमिर. तिचं ओरिस्या. त्याला चार दिवसांची रजा. ती पोल्टावाहून आलेली. लहानपणी शाळेच्या पुस्तकात दोघांनी आमच्या कामियानेत्सच्या किल्ल्याचं चित्र पाहिलं होतं, म्हणून इथे. रविवारी तो परत आघाडीवर.

चढावर तो भोपळा पोटाशी धरून धापा टाकत होता.

"ठेवून दे की कुठेतरी," ओरिस्या म्हणाली.

"खायची वस्तू रस्त्यावर? माझी आजी थडग्यातून उठून येईल."

"मग वाहा."

"जरा तू धर ना..."

"मला एक मिळालाय. दुसरा नको."

मला हसू आवरेना, आणि रडूही येत होतं. असं दोन्ही एकदम होतं का कुणाला?

मिनाराच्या टोकावर आमच्या मारियामातेची सोनेरी मूर्ती उन्हात चमकत होती. मी सांगितलं, "हा तुर्कांनी बांधलेला. जाताना त्यांनी शब्द घेतला होता म्हणे, मिनार पाडू नका. मग नाही पाडला. वर हिला उभी केली."

"बघ," ओरिस्या म्हणाली, "लोक दगडासाठी दिलेला शब्दसुद्धा पाळतात."

"मी तुला शब्द दिला नाही, कारण..." तो थांबला. भोपळा कठड्यावर ठेवला. "विधवेचा काळा रुमाल बांधायला लावू तुला? या वयात?"

"आणि लग्न नसलं की मी रडणार नाही, असं वाटतं तुला?" ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला काही झालं, तर मला कोण कळवेल, ल्युबो? मी तुझी कोण? तुझे आईवडील गेल्यापासून तुला दुसरं कुणी नाही. मी फक्त फोनकडे बघत बसायचं... किती दिवस?"

मी पिवळ्या पानांकडे बघत राहिले. निघताना म्हणाले, "उद्या सकाळी बाजार दाखवते हं," आणि पळाले.

शनिवारी दोघं आले तर भोपळा त्याच्या काखेत होताच! आम्ही चौकात पोचलो आणि नऊ वाजले. युद्धात गेलेल्यांसाठी रोज या वेळी सगळं गाव एक मिनिट स्तब्ध उभं राहतं, त्याची टिकटिक कर्ण्यावर सुरू झाली. गाड्या जागच्या जागी थांबल्या, माणसं उतरून उभी राहिली. सफरचंदवाल्या मावशींनी तराजू खाली ठेवला. ल्युबोमिरने भोपळा पायाशी ठेवला, टोपी काढली. डोळे मिटलेले. ओठ मात्र हलत होते. ओरिस्याने त्याच्या बोटांत आपली बोटं अडकवली.

मिनिट संपलं. गाड्या निघाल्या. तो तिथेच.

"या मिनिटात मी रोज नावं घेतो," तो म्हणाला. "जे गेले त्यांची. आज मध्येच तुझं आलं. घाबरू नकोस... त्यांच्यात नाही. परत कुणाकडे जायचंय, असं मनात आलं, आणि तुझंच नाव आलं."

ओरिस्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी.

"मी पुन्हा नाही विचारणार हं तुला."

"आता मी विचारतोय."

"आधी तो भोपळा काढ मधून!"

त्याने भोपळा उचलला आणि माझ्या हातात दिला. अगदी गंभीरपणे, दोन्ही हातांनी. "यारिना, हा तुझा तू घे. माझा नकारही मी परत घेतलाय." मग रस्त्यात, सगळ्या बाजारासमोर, तो गुडघ्यावर बसला. तिने काय उत्तर दिलं ते मला ऐकूच आलं नाही. मावशीच इतक्या मोठ्याने रडल्या!

लग्नाची नोंदणी कचेरी दुपारपर्यंत उघडी होती. पण ओरिस्या एकदम थबकली. "उभं कशावर राहायचं? रुश्निक तर पोल्टावात, आईच्या पेटीत."

रुश्निकाशिवाय आमच्याकडे लग्न लागतं का? नवरा-नवरी त्या भरतकामाच्या कापडावरच उभे राहतात. मी धावत सुटले. भोपळ्यासकट.

घरी बाबा चहा पीत होते, आई कणीक मळत होती. मी भोपळा टेबलावर आदळला, पेटी उघडली आणि सातवीपासून स्वतःच्या लग्नासाठी भरत असलेला माझा रुश्निक बाहेर काढला.

"अगं, एकच टोक भरलंय त्याचं!" आई ओरडली. "अर्धवट कापडावर कुणी उभं राहतं का?"

"राहतं, आई. आज राहणार आहे. दुसरं टोक ओरिस्याताई भरेल, तो परत येईपर्यंत. हा मी देऊन टाकतेय, कायमचा. माझ्यासाठी मी नवा भरायला घेईन. आणि बाबा, तुम्ही दोघं कोट घाला. नवरदेवाकडून उभं राहायला कुणीच नाहीये, आपण उभे राहणार आहोत!"