हिब्रूत ळ नाही

पटो न पटो, हे खरंच घडलंय. इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या एका हॉस्पिटलात, १९९७च्या मे महिन्यात, एका मंगळवारी. रात्रही नव्हती की अंधारही नव्हता. भर दुपारचे पावणेदोन वाजले होते.

येमिमा तिथल्या एका वॉर्डाची मुख्य नर्स. कोकणातल्या ज्यू घरातली, अकराव्या वर्षी अलिबागकडून आलेली. घरात अस्सल मराठी, पण वॉर्डात त्यातलं एक अक्षरही नाही. सुरुवातीला बाकीच्या मुली तिला 'होदीत', म्हणजे इंडियावाली, म्हणून हसायच्या. ते तिला फार लागलं होतं.

त्या दिवशी सकाळी सात नंबरच्या खाटेवर मझलआजी आल्या. वय ऐंशी. दुखण्यात हिब्रू पार विसरलेल्या. येमिमाचा चेहरा बघून त्या खुलल्या.

"बाय, तू आपलीच ना गो?"

शेजारी दोन तरुण नर्स उभ्या होत्या.

"अनी लो मेविना," येमिमा हिब्रूत म्हणाली. मला समजत नाही.

एवढंच म्हणाली. पण त्या एका वाक्याने पुढचा सगळा घात केला.

पावणेदोनला आजींनी तिचं मनगट धरलं. हात थंड, घामेजलेला.

"बाय... कळ... कळ येते गो..."

त्या दोघींपैकी ओदेलिया नावाच्या नव्या नर्सने हिब्रूत विचारलं, "दुखणं जोराचं की हलकं?"

"कळ... कळ..."

हिब्रूत 'कल' म्हणजे हलकं. ओदेलियाचा जीव भांड्यात पडला.

येमिमाला मात्र कळलं होतं.

पण सकाळी समजत नाही म्हटलेलं दुपारी समजतं, हे त्या पोरींसमोर कसं सांगायचं? दोनला तिची ड्यूटी संपत होती. पुढची नर्स बघेल, असं मनाला समजावत तिने मनगट सोडवून घेतलं. कागदावर लिहिलं, 'दुखणं हलकं.' खाली सही केली.

सव्वादोनला आजी गेल्या.

त्यांच्या मुलाने, एलिएझरने, तक्रार केली, की आईचं मराठी समजत असूनही नर्सने दुर्लक्ष केलं. येमिमाचं लायसन्स जायची वेळ आली. नवरा वारलेला, दोन मुली शिकत होत्या. तिचा वकील अहरोन फाईल वाचून म्हणाला, "लहानपणी आलात ना? मग तुम्हाला मराठी येत नाही. येतं हे कोण सिद्ध करणार?"

सुनावणी जानेवारीत झाली, सकाळी दहाला. समितीचे तिघे पुरुष, अहरोन, एलिएझर आणि ती. टेबलावर टेपरेकॉर्डर.

"तुम्हाला मराठी समजतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

आणि... सगळे आवाज गेले.

रस्त्यावरच्या बसचा. हीटरचा. अध्यक्षांचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. टेपरेकॉर्डरचं चाक मुकाट फिरत होतं.

मग कुणीतरी तिचं मनगट धरलं...

थंड. घामेजलेला हात.

तिने खाली बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही. थोड्या वेळाने बसचा आवाज परत आला.

लायसन्स वाचलं. बाहेर व्हरांड्यात एलिएझर तिच्यापाशी आला आणि सवयीने मराठीतच बोलला.

"माफ कर, बाय. तुला समजतच नव्हतं, तर तुझा काय दोष? उगाच तुझं नाव खराब केलं मी."

अध्यक्ष दोन पावलांवर उभे होते.

"अनी लो मेविना," येमिमा म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि निघून गेला. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

तीन आठवड्यांनी सुनावणीचा टाइप केलेला वृत्तांत आला. तिच्या 'नाही'च्या खाली एक ओळ होती...

'एक स्त्री: कल. कल.'

अहरोन हसला. "बाई तुम्ही एकट्याच होता. सुटले, हलकं झालं, असं पुटपुटला असाल."

तिने कॅसेट मागवून घेतली. दार लावून ऐकली.

हिब्रूत ळ नाही. टेपवर तो स्वच्छ ऐकू येत होता.

या गोष्टीला सात वर्षं झाली. येमिमा अजून त्याच वॉर्डात आहे. दुखणं कसं आहे, असं विचारलं की पेशंट म्हणतात, "कल." रशियातून आलेले म्हणतात, वाळवंटातले बेदुइन अरब म्हणतात. पण मधूनच एखाद्याच्या तोंडून...

ळ येतो.

मग ती धावते. डॉक्टरला बोलावते, ईसीजी काढायला लावते. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. हॉस्पिटलने तिला दक्ष नर्स म्हणून प्रमाणपत्र दिलं. ते तिने घरी नेलं नाही.

आता ती भर वॉर्डात, सगळ्यांसमोर, मोठ्याने मराठीत म्हणते, "समजलं गो आजी. मला समजलं."

त्याचा अर्थ तिथे कुणी विचारत नाही.

आणि मनगटावरचा हात काही सुटत नाही.